एका संगणकावर किती अँटीव्हायरस असावेत?

संगणकावर ज्यांचा संसार, व्यवसाय किंवा विद्याभ्यास अवलंबून आहे, त्यांच्या मनात एक प्रश्न वारंवार उद्भवतो. एका अँटीव्हायरसच्या नजरेतून एखादा व्हायरस निसटण्याचा संभव असेल, तर दोन किंवा तीन अँटीव्हायरस एकाच वेळी बसवून तो संभव कमी का करू नये? हा प्रश्न विचारणारा मनुष्य निष्काळजी नसतो. पतसंस्थेचे हिशेब, मुलांची छायाचित्रे, अर्धवट लिहिलेला प्रबंध किंवा दुकानाची जीएसटीची कागदपत्रे ज्या यंत्रात साठवलेली आहेत, त्या यंत्राचा बंदोबस्त चोख असावा ही त्याची इच्छा सर्वथा योग्य आहे. आणि म्हणूनच "तसे करू नये" एवढ्या तुटक उत्तराने त्याची बोळवण करणे मला प्रशस्त वाटत नाही. उत्तर अखेर तेच आहे. परंतु त्यामागील कारणे नीट समजली, तर दुसऱ्या अँटीव्हायरसचा उपयोग कोठे होतो आणि अपाय कोठे होतो, हे वाचकास स्वतःच्या विवेकाने ठरवता येते.

निर्णय प्रारंभीच सांगतो. सतत जागे राहून प्रत्येक फाइलची तपासणी करणारे अँटीव्हायरस एका संगणकावर एकच असावे. दुसऱ्याचे मत हवे असेल तेव्हा ते अवश्य घ्यावे, परंतु प्रसंगापुरते घ्यावे. आणि दुसऱ्या वर्गणीवर जे द्रव्य व जे श्रम खर्च व्हावयाचे, ते बॅकअपकडे वळवावेत.

समजुतीचा उगम

दोन अँटीव्हायरस असणे अधिक सुरक्षित, ही समजूत निराधार जन्मास आलेली नाही. एके काळी ती बरीचशी खरी होती. १९८६ मध्ये लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपी डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये बसून यंत्रायंत्रांतून पसरला, आणि त्यानंतरच्या डॉसच्या जमान्यात मॅकॅफीचा व्हायरसस्कॅन, एफ-प्रॉट, डॉक्टर सॉलोमन यांसारखे तपासणीचे प्रोग्राम प्रचारात आले. हे प्रोग्राम मुख्यतः वापरणाऱ्याने हुकूम दिला म्हणजे चालत, समोरची फ्लॉपी किंवा हार्ड डिस्क तपासत, निष्कर्ष पडद्यावर मांडत आणि काम संपताच स्मृतीतून निघून जात. एकाचे काम आटोपल्यावर दुसऱ्यास पाचारण केले, तर त्या दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय प्रत्येक प्रयोगशाळेकडे व्हायरसांचे नमुने निरनिराळे असल्यामुळे दोन याद्यांचा लाभ प्रत्यक्षात मिळे. पुढे अँटीव्हायरसचे स्वरूप पालटले. हुकमाची वाट न पाहता संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जागे राहणे हेच त्याचे मुख्य कार्य बनले. कार्य पालटले, पण जुन्या कार्यपद्धतीवर आधारलेला सल्ला मात्र तोंडोतोंडी तसाच चालत राहिला.

आतले कामकाज

आजचे अँटीव्हायरस नेमके कोठे बसते, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचा उलगडा होणार नाही. आपण एखादी फाइल उघडतो तेव्हा ती विनंती थेट डिस्ककडे जात नाही. विंडोजच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, ती जात असताना अँटीव्हायरसचा ड्रायव्हर तिला मध्येच थांबवतो, फाइलचा मजकूर स्वतः वाचतो, ज्ञात व्हायरसांच्या खुणांशी आणि संशयास्पद वर्तनाच्या नियमांशी तो ताडून पाहतो, आणि खातरजमा झाल्यावरच विनंती पुढे सोडतो. अशा ड्रायव्हरांची गर्दी होऊन अनागोंदी माजू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने प्रत्येकास क्रमांक देण्याची पद्धत घातली आहे, आणि अँटीव्हायरसांसाठी ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा टप्पा राखून ठेवला आहे. परंतु क्रमांकाने कोण आधी आणि कोण नंतर एवढेच ठरते. दोघांनी एकमेकांच्या कामाबद्दल काय समजावे, हे त्याने ठरत नाही.

कल्पना करावी की एका कचेरीत दोन तपासनीस नेमले आहेत, दोघांनाही सारखाच अधिकार आहे, आणि आपल्या नजरेखालून गेल्यावाचून कोणताही कागद हलू नये अशी प्रत्येकास ताकीद आहे. पहिल्याने तपासणीसाठी कागद मागवला की तो मागवणे हीच दुसऱ्याच्या दृष्टीने कागदाची हालचाल ठरते, म्हणून तो कागद अडवून वाचू लागतो. आणि दुसऱ्याने संशयित म्हणून एखादा कागद जप्त करून आपल्या कपाटात ठेवला, की त्या कपाटाची झडती घेणे पहिल्यास आपले कर्तव्य वाटते. दोघेही प्रामाणिक आणि कार्यक्षम असले तरी कचेरीचे कामकाज मात्र ठप्प होते.

संगणकात हेच घडते. एका अँटीव्हायरसने फाइल उघडली की दुसरे तिची तपासणी करते. त्यामुळे प्रत्येक फाइल दोनदा वाचली जाते, प्रोसेसर आणि स्मृती यांवरील भार वाढतो, आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर तर साधे पत्र उघडण्यासही ताटकळावे लागते. दोघे एकाच फाइलवर एकाच क्षणी ताबा सांगू लागले, तर प्रोग्राम गोठतो. एकाने संशयित फाइल विलगीकरणात (क्वारंटाइनमध्ये) हलवताना दुसऱ्याने ती अडवली, तर पहिल्याचा बंदोबस्त अपुरा राहतो. पूर्वी काही अँटीव्हायरसांच्या व्हायरस-खुणांच्या याद्या स्मृतीत उघड्या असत, त्यामुळे त्या याद्यांनाच दुसरे अँटीव्हायरस व्हायरस समजून बसे. हल्ली याद्या आणि जप्त फाइली सांकेतिक रूपात ठेवल्या जात असल्याने हा प्रकार पुष्कळ कमी झाला आहे. इंटरनेटवरून येणारा मजकूर तपासण्यासाठी दोघेही ब्राउझरच्या वाटेत उभे राहिले, तर बँकेचे संकेतस्थळ उघडेनासे होते किंवा प्रमाणपत्राविषयीचे इशारे विनाकारण दिसू लागतात. आणि असे इशारे न वाचता पुढे जाण्याची सवय लागणे, हा व्हायरसइतकाच मोठा धोका आहे.

पूर्वीची अँटीव्हायरसे कर्नलच्या अंतर्गत कोष्टकांतच फेरफार करीत असत. २००५ मध्ये विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टने अशा फेरफारास प्रतिबंध घातला. तरीही हा संबंध किती नाजूक राहिला आहे, याचा प्रत्यय जानेवारी २०१८ मध्ये आला. प्रोसेसरांतील 'मेल्टडाउन' या दोषावरील दुरुस्तीशी काही अँटीव्हायरसांचा मेळ न बसल्याने संगणक निळ्या पडद्यावर बंद पडण्याची भीती होती. म्हणून आपण सुसंगत आहोत असा दाखला अँटीव्हायरसने नोंदवल्यावाचून ती अद्ययावत दुरुस्ती त्या यंत्रास मिळू नये, अशी तजवीज मायक्रोसॉफ्टला करावी लागली. एका अँटीव्हायरसचा विंडोजशी मेळ राखणे जेथे इतके कष्टाचे, तेथे दोघांचा परस्परांशी मेळ राखण्याची जबाबदारी तर कोणीच पत्करलेली नसते.

मुखत्यारीची किंमत

याहून महत्त्वाचा मुद्दा अधिकाराचा आहे. अँटीव्हायरसला आपण संगणकाची जवळजवळ संपूर्ण मुखत्यारी देतो. कोणतीही फाइल वाचण्याचा, अडवण्याचा आणि काढून टाकण्याचा हक्क त्यास असतो. हा हक्क ज्याच्या हाती आहे त्याची चूकही तितकीच दूरवर पोहोचते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतील 'एसव्हीसीहोस्ट' या अत्यावश्यक फाइलला व्हायरस ठरवले, आणि असंख्य कार्यालयांतील संगणक पुनःपुन्हा बंद पडू लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-प्रणालीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, आणि विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत कामे खोळंबली. २०१६ मध्ये गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो'तील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी सिमँटेक आणि नॉर्टनच्या उत्पादनांत असे दोष दाखवून दिले की, तपासणीसाठी समोर आलेल्या फाइलच्या द्वारेच आक्रमकास आत शिरता यावे. या घटनांवरून अँटीव्हायरस नकोच असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. परंतु अशी मुखत्यारी जितक्यांना द्यावी तितक्यांच्या चुकांचे ओझे आपल्या संगणकावर पडते, हा निष्कर्ष मात्र टाळता येत नाही.

दुसऱ्या अँटीव्हायरसमुळे व्हायरस सापडण्याचा संभव वाढतो, हे म्हणणे अगदीच खोटे नाही. एकाने सोडलेली एखादी फाइल दुसरे पकडते, हा अनुभव आहे. तथापि ही वाढ वाटते तेवढी मोठी नसते. कित्येक उत्पादने दुसऱ्याच कंपनीचे इंजिन परवान्याने वापरतात. बिटडिफेंडरचे इंजिन तर अनेक नावांखाली चालते. नमुन्यांची देवाणघेवाण बहुतेक प्रयोगशाळांत होत असते. त्यामुळे आज सकाळी जन्मलेला व्हायरस एकाच्या नजरेस पडला नाही, तर तो दुसऱ्याच्याही नजरेतून सुटण्याचा संभव बराच असतो. उलट निर्दोष फाइलला दोषी ठरवण्याच्या चुका मात्र दोघांच्या मिळून येतात. म्हणून जो काय थोडा लाभ आहे, तो कायम सहवासाने न घेता प्रसंगोपात्त तपासणीने घ्यावा, हेच शहाणपणाचे.

विंडोजची स्वतःची व्यवस्था

पुष्कळांना ठाऊक नसते की त्यांच्या संगणकात एक अँटीव्हायरस मूळचेच आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचे डिफेंडर हे पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजबरोबर येते. आपण क्विक हील बसवा (पुण्यातील कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी उभारलेल्या कंपनीचे हे उत्पादन मराठी घरांत सुपरिचित आहे), नॉर्टन बसवा किंवा आणखी कोणते, ते अँटीव्हायरस विंडोजच्या सुरक्षा केंद्राकडे आपली नोंद करते, आणि ती नोंद होताच डिफेंडर सतत-संरक्षणाच्या कामातून आपण होऊन बाजूला होते. म्हणजे दोन जागती अँटीव्हायरसे एकत्र नांदू नयेत, हा शिरस्ता खुद्द विंडोजनेच स्वीकारलेला आहे. मात्र हे सौजन्य फक्त डिफेंडर दाखवते. बाहेरची दोन अँटीव्हायरसे बसवली तर त्यांच्यात असा समझोता होईलच असे नाही. नव्या लॅपटॉपबरोबर मोफत आलेली चाचणी आवृत्ती तशीच ठेवून दुकानदाराने दिलेली दुसरी बसवली, की ही आपत्ती नकळत ओढवते.

सहकारी संस्था, ग्रंथालये आणि शाळा यांच्या चालकांसाठी एक विशेष सूचना. ज्या यंत्रावर विंडोज सर्व्हर चालते, तेथे डिफेंडर आपण होऊन बाजूला होत नाही. सर्व्हरवर दुसरे अँटीव्हायरस बसवावयाचे असल्यास डिफेंडर बंद करण्याचे काम तंत्रज्ञाने हाताने करावे लागते, आणि ते झाले की नाही याची खातरजमा चालकांनी करून घ्यावी.

आपल्या संगणकावर काय आहे ते पाहणे

'विंडोज सिक्युरिटी' उघडून खालच्या बाजूच्या 'सेटिंग्ज'मध्ये जावे आणि 'मॅनेज प्रोव्हायडर्स' हा पर्याय दाबावा. अँटीव्हायरस या सदराखाली कोणाकोणाची नोंद आहे आणि कोण चालू आहे, हे तेथे दिसते. एकाहून अधिक बाहेरची नावे आढळली, तर ज्याची वर्गणी चालू आहे आणि ज्याचे अपडेट दररोज येत आहेत ते ठेवावे. ज्याची मुदत संपली आहे असे अँटीव्हायरस केवळ 'असू दे' म्हणून ठेवणे सर्वांत वाईट. त्याच्या याद्या जुन्या झालेल्या असतात, आणि त्याची उपस्थिती मात्र डिफेंडरच्या वाटेत येऊ शकते.

काढून टाकण्याचा क्रमही ठरलेला असावा. जे ठेवावयाचे त्याची लायसन्स की हाताशी आहे ना, हे आधी पाहावे. नको असलेले अँटीव्हायरस 'इन्स्टॉल्ड ॲप्स'च्या यादीतून काढावे, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि त्या कंपनीने अवशेष काढण्यासाठी स्वतंत्र साधन दिले असल्यास ते कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेऊन चालवावे. कारण नेहमीच्या पद्धतीने काढल्यावरही काही ड्रायव्हर मागे राहतात, आणि पुढील कित्येक कुरबुरींचे मूळ त्या अवशेषांत असते. नुसते फोल्डर डिलीट करणे हा मार्ग कदापि अवलंबू नये. त्यानंतर राखलेले अँटीव्हायरस अद्ययावत करावे आणि वरील यादी पुन्हा पाहावी. ते खरोखर जागे आहे का, हे पाहण्यासाठी 'आयकार' या युरोपीय संस्थेच्या नावाने प्रसिद्ध असलेली ६८ अक्षरांची एक पूर्णतः निरुपद्रवी चाचणी-फाइल मिळते. ती उतरवू लागताच अँटीव्हायरसने हरकत घेतली पाहिजे.

दुसरे मत घेण्याची रीत

संगणक विचित्र वागू लागला, अनोळखी जाहिराती उसळू लागल्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमधील फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर दुसरे मत घेणे योग्यच आहे. त्यासाठी कायमचे न बसणारे, सांगितल्यावरच तपासणारे साधन वापरावे. मायक्रोसॉफ्टचे 'सेफ्टी स्कॅनर' हे असेच एक आहे; ते उतरवल्यापासून १० दिवसच चालते, आणि पुढे नवे उतरवावे लागते, म्हणजे शिळ्या यादीवर विसंबण्याचा प्रसंगच येत नाही. 'ईसेट ऑनलाइन स्कॅनर'ही याच जातीचे. 'मालवेअरबाइट्स'ची विनामूल्य आवृत्ती उपयुक्त आहे, परंतु तिच्यासोबत सतत-संरक्षणाची काही दिवसांची चाचणी सुरू होऊ शकते. ती तेवढी आठवणीने बंद करावी. बाहेरचे अँटीव्हायरस वापरणाऱ्यांना डिफेंडरची 'पिरिऑडिक स्कॅनिंग' ही सोयही घेता येते. तीत डिफेंडर सतत न जागता अधूनमधून तपासणी करून जाते.

व्हायरस विंडोजच्या आतच दडून बसल्याचा संशय असेल, तर 'स्कॅन ऑप्शन्स'मधील डिफेंडरची ऑफलाइन तपासणी निवडावी. उघड्या फाइली आधी जतन कराव्यात, कारण संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नेहमीचे विंडोज जागे होण्यापूर्वीच सुमारे १५ मिनिटे तपासणी चालते. एखाद्याच फाइलबद्दल शंका असेल, तर 'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर ती चढवून सत्तराहून अधिक इंजिनांचे मत एकदम मिळते. तेथे चढवलेल्या फाइली मात्र सुरक्षा-क्षेत्रातील इतरांना उपलब्ध होतात. म्हणून आधार, पॅन, बँकेची पासबुके किंवा रुग्णांचे अहवाल तेथे कधीही पाठवू नयेत. आणि सत्तरांपैकी एकट्यादुकट्याने दोष दाखवला म्हणून घाबरून फाइल नष्ट करू नये. तूर्त ती विलगीकरणात ठेवावी.

दोन पूर्ण तपासण्या एकाच वेळी चालवू नयेत, आणि काम झाल्यावर हे पाहुणे साधन काढून टाकावे. साधन नेहमी त्याच्या कर्त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. ब्राउझरमध्ये अचानक "तुमच्या संगणकात व्हायरस सापडला" असे सांगत जे अँटीव्हायरस पुढे येते, ते स्वतःच फसवणुकीचे हत्यार असते. ती खिडकी बंद करावी, आणि तेथे दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर बोलू नये. भारत सरकारच्या 'सर्ट-इन'ने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावरही तपासणीची विश्वसनीय साधने विनामूल्य मिळतात. मोबाइलबाबतही हेच तत्त्व लागू आहे: अँड्रॉइडवर 'प्ले प्रोटेक्ट' असते, ते चालू ठेवावे, आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल उघडू नये. मोबाइलवर दोन अँटीव्हायरसे बसवल्याने बॅटरी तेवढी लवकर संपते.

खरे दुसरे संरक्षण

एकच अँटीव्हायरस ठेवल्यावर मन अस्वस्थ होत असेल, तर त्या अस्वस्थतेला दोन कामांकडे वळवावे. पहिले काम अपडेटचे. १२ मे २०१७ रोजी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने जगभर हाहाकार उडवला, परंतु ज्या दोषातून ते शिरत होते त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिली होती. ज्यांनी ती बसवली त्यांच्या संगणकांत ते त्या वाटेने शिरू शकले नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे; ज्यांचे यंत्र अजून त्यावर चालते, त्यांनी वाढीव मुदतीच्या सुरक्षा अपडेटची नोंदणी तरी करावी किंवा नव्या आवृत्तीकडे वळावे.

दुसरे काम बॅकअपचे. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे. बाहेरची हार्ड डिस्क बॅकअप घेतल्यावर संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करते. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल परत काढून उघडून पाहावी, कारण जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर भरवसा ठेवणे व्यर्थ आहे. आणि एवढे करूनही पैशांची फसवणूक झालीच, तर संगणकाचे इंटरनेट तोडून, दुसऱ्या यंत्रावरून बँकेचे पासवर्ड बदलावेत आणि विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कोणतेही अँटीव्हायरस सर्व व्हायरस पकडीत नाही, आणि दोनही पकडीत नाहीत. जे निसटते त्याचा उपाय तिसऱ्या अँटीव्हायरसने होत नाही. तो त्या वेळी शाबूत असलेल्या प्रतीने होतो. म्हणून वाचकांस आग्रहाने सांगावेसे वाटते, की आज संगणक उघडल्यावर संरक्षकांची यादी पाहून अनावश्यक नाव काढावे, आणि आजच आपल्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे करून ठेवावी.